मंद आचेचे उपाहारगृह : अमेरिकी शहरांतील बार्बेक्यू

नोव्हेंबर २०२४ मध्ये मिशलिन या मूळच्या फ्रेंच मार्गदर्शिकेने टेक्सास राज्यातील उपाहारगृहांना प्रथमच आपले तारे दिले, तेव्हा त्या यादीत लाकडाच्या धगीवर आणि धुरावर मांस शिजवणाऱ्या चार उपाहारगृहांचा समावेश होता. त्यांपैकी तीन ऑस्टिन शहरातील, तर एक ह्यूस्टनच्या उत्तरेकडील स्प्रिंग या वस्तीतील होते. बहुधा पांढऱ्याशुभ्र मेजपोशाच्या आणि नेमस्त सेवेच्या भोजनगृहांना मिळणारा हा मान, जिथे मांस कागदावर वाढले जाते आणि गिऱ्हाईक स्वतः रांगेत उभे राहते अशा ठिकाणांना मिळाला, ही घटना एका मोठ्या स्थित्यंतराची खूण मानता येईल. मुळात खेड्यापाड्यांत, शेताच्या कडेला खणलेल्या खड्ड्यांवर वाढलेली ही पाककला गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत अमेरिकेच्या महानगरांत नव्या जोमाने पसरली आहे. शहरात नव्याने उघडलेल्या अशा उपाहारगृहात प्रथमच जाणाऱ्याला मात्र तेथील रांग, वजनावर होणारी विक्री, दुपारीच झळकणारी ‘माल संपला’ ही पाटी आणि चढा दर या साऱ्यांचे कोडे पडते. त्याची उकल एकाच सूत्राने होते : तेथे विकत घेतले जाते ते प्रामुख्याने वेळ आणि श्रम, आणि मांस हे त्या दोहोंचे वाहन असते.

भारतीय शहरांत बार्बेक्यू म्हटले की टेबलाच्या मध्यभागी बसवलेली निखाऱ्यांची शेगडी आणि तिच्यावर फिरणाऱ्या सळया डोळ्यांसमोर येतात. त्या पद्धतीत मसाल्यात मुरवलेले लहान तुकडे थेट निखाऱ्यांवर, जास्त धगीत, काही मिनिटांत भाजले जातात. तंदूर हीदेखील तीव्र उष्णतेचीच भट्टी आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील बार्बेक्यूची रीत याच्या उलट दिशेने जाते. तेथे विस्तव आणि मांस यांच्यात अंतर ठेवलेले असते किंवा निखारे अगदी बेताचे असतात, भट्टीतील हवेचे तापमान साधारणपणे ११० ते १३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखले जाते, आणि कित्येक किलो वजनाचा अखंड भाग आठ, बारा, प्रसंगी सोळा तास त्या हवेत शिजत राहतो. या भट्टीला तेथे ‘पिट’ आणि ती सांभाळणाऱ्या कारागिराला ‘पिटमास्टर’ म्हणतात. पूर्वी पिट हा जमिनीत खणलेला चर असे. आता तो बहुधा विटांचा किंवा पोलादी असतो.

या कलेची मुळे अनेक संस्कृतींत पसरलेली आहेत. कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवासी लाकडी चौकटीवर, मंद विस्तवाच्या वर मांस आणि मासे शिजवत असत, अशी नोंद युरोपीय प्रवाशांनी करून ठेवली आहे. युरोपीय वसाहतवाल्यांनी डुकरे आणि गुरे आणली, आणि व्हर्जिनिया व कॅरोलायना या भागांत या साऱ्यांच्या संयोगातून मोठ्या मेळाव्यांचे अन्न म्हणून बार्बेक्यू रूढ झाले. निवडणुकीच्या सभा, स्वातंत्र्यदिनाचे समारंभ आणि चर्चचे मेळावे यांत शेकडो माणसांना जेवू घालण्यासाठी रात्रभर चर पेटते ठेवावे लागत. हे काम, म्हणजे चर खणणे, लाकूड फोडणे, निखारे पसरणे आणि पहाटेपर्यंत जागून मांस उलटणे, दक्षिणेत मुख्यतः गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांवर पडत असे, आणि या कौशल्याचा मोठा भाग त्यांच्याच हातांत पिढ्यान्‌पिढ्या घडत गेला. १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे गुलामांच्या मुक्ततेचा आदेश जाहीर झाला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या ‘जूनटीन्थ’ या सणात बार्बेक्यूला आरंभापासून मानाचे स्थान आहे. २०२१ पासून हा दिवस अमेरिकेची राष्ट्रीय सुट्टी आहे.

मुक्ततेनंतर हे कौशल्य उपजीविकेचे साधन बनले आणि ते जाणणारी माणसे जसजशी शहरांकडे सरकली तसतशी ही कलाही त्यांच्याबरोबर गेली. टेनेसी राज्यातून आलेले हेन्री पेरी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे धुरावर शिजवलेले मांस वर्तमानपत्राच्या कागदात बांधून विकण्यास सुरुवात केली. त्या शहराच्या बार्बेक्यूचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. १९४० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा व्यवसाय चार्ली ब्रायंट यांच्याकडे आणि पुढे त्यांचे बंधू आर्थर ब्रायंट यांच्याकडे आला, आणि आर्थर यांच्या नावाचे उपाहारगृह आजही तेथे चालते.

प्रदेशागणिक जनावर, लाकूड आणि सॉस बदलत गेले. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात अखंड डुक्कर शिजवून त्याचे मांस बारीक चिरतात आणि त्यावर व्हिनेगर व मिरचीचा पातळ सॉस शिंपडतात. त्याच राज्याच्या पश्चिमेकडे पुढचा फरा तेवढा वापरतात आणि सॉसमध्ये थोडा टोमॅटो घालतात. साउथ कॅरोलायनाच्या काही भागांत पिवळ्या मोहरीचा सॉस चालतो. मेंफिस शहरात डुकराच्या बरगड्यांवर कोरडा मसाला चोळण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, तर कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि काकवीचा दाट, गोडसर सॉस असतो. मध्य टेक्सासची रीत या सर्वांहून वेगळी पडते, कारण तेथे गोमांस हे मुख्य, मसाला म्हणजे बहुधा मीठ आणि काळी मिरी, लाकूड ‘पोस्ट ओक’ या स्थानिक ओकचे आणि सॉस असलाच तर बाजूला. महानगरांत उघडणारी नवी उपाहारगृहे मोठ्या संख्येने याच टेक्सासी रीतीची असल्यामुळे तिचा उगम समजून घेणे उपयोगाचे ठरते.

एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक स्थलांतरित मध्य टेक्सासमध्ये वसले आणि त्यांच्यातील खाटकांनी लॉकहार्ट, टेलर अशा गावांत मांसाची दुकाने काढली. शीतपेट्यांच्या आधीच्या त्या काळात न खपलेले मांस आणि सॉसेज, म्हणजे आतड्याच्या आवरणात भरलेला मसालेदार खिमा, धुरावर शिजवून टिकवले जाई. कापूस वेचायला आलेले मजूर ते तयार मांस दुकानातच विकत घेऊन तेथेच खात. लॉकहार्टमधील क्रॉइट्झ मार्केट हे १९०० मध्ये सुरू झालेले दुकान या परंपरेचे ठळक उदाहरण होय. आजच्या शहरी उपाहारगृहात मांस ताटलीऐवजी खाटकाच्या जाड कागदावर येते, ते वजन करून विकले जाते आणि त्यासोबत साधा पांढरा पाव, कच्चा कांदा व लोणच्याची काकडी मिळते. हा सारा थाट त्या खाटकाच्या दुकानाचा थेट वारसा आहे, त्यामुळे त्याला केवळ सजावटीची हौस समजणे चुकीचे ठरेल.

बार्बेक्यूच्या इतिहासात टेबलाला बसून जेवण्याचा प्रश्न एकदा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि शहरी उपाहारगृहाची कथा त्या निकालावाचून अपुरी राहते. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे १९२७ पासून चालणाऱ्या ‘ऑलीज बार्बेक्यू’मध्ये २२० जणांची बसण्याची सोय होती, तेथील ३६ कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश कृष्णवर्णीय होते, परंतु कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना आत बसून जेवण्याची मुभा नव्हती आणि त्यांना बांधून नेण्यापुरतेच अन्न मिळे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक उपाहारगृहांतील वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा आपला धंदा पूर्णपणे स्थानिक असल्यामुळे संघराज्याचा कायदा आपल्याला लागू होत नाही, असा दावा मालकांनी केला. या खटल्यात पुढे आले की वर्षभरात खरेदी केलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या अन्नसामग्रीपैकी ४६ टक्के, म्हणजे सुमारे ७० हजार डॉलरचे मांस, परराज्यातून आलेले होते. आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार संघराज्याच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, असल्याने हा कायदा अशा उपाहारगृहालाही बंधनकारक आहे, असा एकमुखी निकाल न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी दिला. ज्यांनी स्वयंपाक करायचा त्यांच्याच समाजाला टेबलाशी मज्जाव करायचा, ही रीत मोडणाऱ्या कायद्यावर अशा प्रकारे एका बार्बेक्यूच्या उपाहारगृहाच्या खटल्यात शिक्कामोर्तब झाले, ही गोष्ट आज त्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्याजोगी आहे.

महानगरांतील नवी लाट मात्र बरीच अलीकडची आहे. न्यूयॉर्कमध्ये २००२ साली डॅनी मायर यांनी ‘ब्लू स्मोक’ हे बार्बेक्यू उपाहारगृह उघडले आणि धूर आसपासच्या इमारतींच्या वर सोडण्यासाठी तेथे उंच धुराडे बांधावे लागले. ऑस्टिनमध्ये ॲरन आणि स्टेसी फ्रँकलिन या दांपत्याने २००९ मध्ये एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली, २०११ मध्ये पक्क्या इमारतीत बस्तान हलवले आणि २०१५ मध्ये ॲरन फ्रँकलिन यांना पाककलेतील प्रतिष्ठेचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. अखंड डुक्कर शिजवण्याची कॅरोलायनाची परंपरा चार्ल्सटन शहरात घेऊन आलेले रॉडनी स्कॉट यांना तोच पुरस्कार २०१८ मध्ये लाभला. शहर आणि विस्तव यांचे नाते मात्र अवघड असते. २०१५ मध्ये निवासी भागाजवळच्या बार्बेक्यू उपाहारगृहांना धूर गाळणारी यंत्रणा सक्तीची करावी, असा प्रस्ताव ऑस्टिनच्या नगर परिषदेपुढे आला होता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी वादळाच्या वाऱ्यात फ्रँकलिन यांच्या भट्टीघराला आग लागून ते उपाहारगृह काही महिने बंद राहिले. या अडचणींमुळे अनेक नवी शहरी उपाहारगृहे गॅसवर तापणारी आणि धुरापुरते लाकूड वापरणारी बंदिस्त भट्टी पसंत करतात. तिच्यात तापमान यंत्राने राखले जाते, श्रम वाचतात आणि धूरही कमी होतो, परंतु स्वाद बहुधा सौम्य राहतो; म्हणून केवळ लाकडावर चालणारी उपाहारगृहे ते आवर्जून सांगतात.

टेक्सासी पद्धतीची नमुनेदार भट्टी म्हणजे पोलादाचे आडवे, लांबट पिंप, ज्याच्या एका टोकाला विस्तवाची वेगळी पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडे असते. पेटीतील तापलेली हवा आणि धूर मांसावरून वाहत जाऊन धुराड्यातून बाहेर पडतात. ओढ चांगली असेल आणि लाकूड वाळलेले असेल तर ज्वलन स्वच्छ होऊन विरळ, निळसर धूर निघतो. ओल्या लाकडाचा किंवा कोंडलेल्या विस्तवाचा दाट पांढरा धूर मांसाला कडवट, काजळीसारखी चव देतो. लाकडातील लिग्निन हा घटक जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही सुगंधी संयुगे तयार होतात, आणि ज्याला आपण धुराचा स्वाद म्हणतो तो प्रामुख्याने त्यांचा असतो.

या रीतीची खरी कसोटी ‘ब्रिस्केट’ या भागावर लागते. गुराच्या छातीचे हे स्नायू जनावराचे बरेच वजन पेलतात, त्यामुळे त्यांत कोलॅजन या चिवट प्रथिनाचे जाळे दाट असते. जलद भाजल्यास हे मांस चामड्यासारखे होते. पण पुरेशी उष्णता आणि ओलावा दीर्घकाळ मिळाल्यास कोलॅजन विरघळून त्याचे मऊ, चिकट जिलेटिन बनते. मांसाचे अंतर्गत तापमान सावकाश ६५ ते ७५ अंशांच्या पट्ट्यात पोचले की ते कित्येक तास तेथेच अडकून राहते, कारण माठातील पाणी जसे पाझर सुकत असताना गार राहते तसे मांसाच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन आत येणारी उष्णता शोषून घेते. नवखा आचारी या टप्प्यावर विस्तव वाढवतो आणि मांस बिघडवतो; जाणकार एकतर थांबतो किंवा मांस कागदात गुंडाळून बाष्पीभवन रोखतो. अंतर्गत तापमान ९५ अंशांच्या आसपास गेल्यावर मांस उतरवून पुन्हा काही तास उबदार जागी मुरत ठेवतात.

शिजलेल्या तुकड्यावरील काळपट साल मीठ, मिरी, सुकलेली प्रथिने आणि धूर यांच्या संयोगाने बनते आणि तिच्यातच सर्वाधिक चव एकवटलेली असते. सालीखालचा गुलाबी पट्टा पाहून मांस कच्चे राहिल्याची शंका अनेकांना येते. वस्तुतः लाकडाच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसातील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी बांधले गेल्याने तो रंग टिकून राहतो. या पट्ट्याला स्वतःची चव नसते, त्यामुळे त्याच्या जाडीवरून गुणवत्ता ठरवणे योग्य नव्हे.

हे ज्ञान हाताशी असले की उपाहारगृहातील मागणी आणि पारख दोन्ही सोप्या होतात. विक्री बहुधा पौंडावर होते. अर्धा पौंड म्हणजे सुमारे २२५ ग्रॅम. ब्रिस्केट मागताना ‘कमी चरबीचे’ की ‘चरबीयुक्त’ असे विचारले जाते, कारण या भागात दोन स्नायू एकावर एक असतात : सपाट स्नायू कोरडसर आणि टोकाकडचा स्नायू अधिक स्निग्ध असतो. प्रथमच जाणाऱ्या दोघांनी दोन्हींचे मिळून अर्धा पौंड, एखादे सॉसेज, दोन-तीन बरगड्या आणि एक-दोन जोडपदार्थ एवढेच मागवावे, कारण हे अन्न जड असते आणि त्याची गोडी पहिल्या काही घासांत सर्वाधिक जाणवते. पेन्सिलीच्या जाडीचा काप बोटावर लोंबता धरल्यास तो वाकावा पण तुटू नये, आणि दोन्ही टोके हलके ओढताच सुटावा, ही जाणकारांची साधी परीक्षा आहे. बरगडीचे मांस स्पर्श होताच हाडावरून गळून पडणे हे सर्वसाधारण समजुतीप्रमाणे चांगले लक्षण मानले जाते, परंतु पाककलेच्या स्पर्धांत ते जास्त शिजल्याचे चिन्ह ठरते. घास घेतल्यावर तेवढाच भाग स्वच्छ सुटावा, अशी तेथे अपेक्षा असते. पहिला घास सॉसविना घ्यावा, आणि चरबीने जीभ जड झाली की लोणच्याची काकडी किंवा कांदा खावा. आंबट-तिखट जोड त्यासाठीच दिलेली असते.

डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन या शहरांत आज अनेक मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, आणि सहकाऱ्यांबरोबर किंवा मुलांच्या आग्रहाने बार्बेक्यूला जाण्याचा प्रसंग त्यांना वारंवार येतो. गोमांस किंवा डुकराचे मांस वर्ज्य असलेल्यांसाठी बहुतेक ठिकाणी टर्की आणि कोंबडी उपलब्ध असते; मात्र सॉसेजच्या भरणात कोणते मांस आहे, हे विचारूनच घ्यावे. शाकाहारी व्यक्तीने अधिक सावध असावे, कारण घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ आणि शिजवलेली पालेभाजी यांत मांसाचे तुकडे किंवा चरबी असणे तेथे स्वाभाविक मानले जाते. चीजमधील मॅकरोनी, बटाट्याचे सॅलड आणि कोबीचे कोलस्लॉ हे पदार्थ बहुधा मांसविरहित असतात, परंतु नंतरच्या दोन्हींतील मेयोनेजमध्ये अंडे असते. ही परंपरा नव्या लोकांना सामावून घेते, याचेही दाखले आहेत. मूळच्या कैरोच्या एका पाककाराने ऑस्टिनमध्ये सुरू केलेल्या ‘केजी बार्बेक्यू’त डुकराचे मांस नसते आणि ब्रिस्केट इजिप्शियन मसाल्यांच्या व भाताच्या संगतीने मिळते. धुरावरचे आणि प्रक्रिया केलेले मांस रोज खाण्याचा पदार्थ मात्र नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला, हे ध्यानात ठेवून त्याला प्रसंगाचे अन्न म्हणूनच स्थान द्यावे.

राहतो प्रश्न दराचा आणि संपलेल्या मालाचा. छाटणीत निघणारी चरबी आणि शिजताना आटणारे पाणी वजा जाता कच्च्या ब्रिस्केटचे वजन साधारण निम्मेच उरते. त्यावर रात्रभराचे लाकूड आणि रात्रभर जागणाऱ्या माणसांची मजुरी चढते. आज कमी पडलेले मांस तासाभरात वाढवता येत नाही, कारण दुपारी बारा वाजता वाढायच्या ब्रिस्केटचा निर्णय आदल्या दिवशीच घ्यावा लागतो. म्हणून जे उपाहारगृह दुपारी माल संपल्याचे सांगून दार लावते, ते आपल्या कलेच्या मर्यादा प्रामाणिकपणे पाळत असते, आणि जे रात्री उशिरापर्यंत सर्व पदार्थ अखंड पुरवते त्याला बहुधा मांस पुन्हा तापवणे किंवा फार काळ ऊबेत ठेवणे भाग पडते. गिऱ्हाइकाने याच निकषाने उपाहारगृह निवडावे : थोडे पदार्थ, केवळ लाकडाची भट्टी आणि विस्तवाची माहिती आनंदाने देणारे कर्मचारी या तीन गोष्टी शोधाव्यात, आणि त्या सापडल्यास मागितलेली किंमत खळखळ न करता द्यावी. ही कला शतकानुशतके ज्यांच्या जागरणावर उभी राहिली, त्यांपैकी असंख्यांना त्यांच्या श्रमांची मजुरी कधी मिळालीच नाही. आज तेच श्रम करणाऱ्याला पुरता मोबदला मिळणे आणि त्याला कारागीर म्हणून नावानिशी ओळखले जाणे, हाच शहरात आलेल्या बार्बेक्यूचा सर्वांत मोठा लाभ आहे.